‘ये रे माझ्या मागल्या’ झाल्यानंतरचा दिवस

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रागावर ताबा मिळवण्यासाठी ते दीड वर्षापासून मनापासून प्रयत्न करत आहेत. राग चढू लागला की बोलण्याआधी थांबायचे, आवाज चढवायचा नाही आणि रोज रात्री वहीत त्या दिवसाची नोंद करायची, असे त्यांनी ठरवले होते. पूर्वी घरात खटका उडाला की दोन-दोन दिवस अबोला असायचा. अलीकडे सलग चार महिने एकदाही आवाज चढला नाही. मग एका संध्याकाळी, कामावरून उशिरा परतल्यावर वरिष्ठांशी फोनवर बोलणे चालू असतानाच, दहा वर्षांच्या मुलीने तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली आणि ते तिच्यावर अगदी पूर्वीसारखेच ओरडले. ती दार लावून आत गेली. त्या रात्री त्यांनी वही फाडून टाकली आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांत एकही नोंद केलेली नाही. “चार महिने पाण्यात गेले, पहिले पाढे पंचावन्न. माणूस मुळात बदलतो तरी का?” असे ते विचारतात. शेवटी, जाता जाता टाकल्यासारखे एक वाक्य आहे: “अर्ध्या तासाने दार वाजवून मी तिची माफी मागितली, पण त्याने काय होते?”

उत्तराची सुरुवात मी याच शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुम्हीच तिथे लिहून ठेवले आहे आणि त्याकडे तुमचे लक्ष गेलेले नाही. दोन दिवसांच्या अबोल्याच्या जागी अर्धा तास आला आहे. ज्या माणसाला पूर्वी आपली चूक कळायला दोन रात्री जाव्या लागत, तो आता अर्ध्या तासात स्वतःहून दारापाशी जाऊन उभा राहतो. हा बदल नसेल तर बदल कशाला म्हणायचे?

समुपदेशनाच्या कामात इतकी वर्षे घालवल्यानंतर माझे एक निरीक्षण पक्के झाले आहे. स्वभावातली एखादी गोष्ट बदलू पाहणारा माणूस स्वतःला जवळजवळ नेहमी एकाच मापाने मोजतो, ते म्हणजे ‘किती वेळा घडले’. वास्तविक रागासारख्या गोष्टीला आणखी तीन मापे असतात: तो किती तीव्र होता, किती वेळ टिकला आणि त्यानंतर सावरायला किती वेळ लागला. माझ्या अनुभवात सुधारणा बहुधा उलट्या टोकाकडून येते. आधी सावरण्याचा काळ कमी होतो, मग प्रसंगाची लांबी आणि तीव्रता कमी होते, आणि ‘किती वेळा’ हा आकडा सर्वांत शेवटी व सर्वांत सावकाश खाली येतो. साहजिकच त्याच आकड्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला, बाकी तिन्ही बाबतींत बरीच मजल मारूनही, आपण जागच्या जागीच आहोत असे वाटत राहते.

आता ‘चार महिने पाण्यात गेले’ या वाक्याकडे वळू. हे वाक्य चुकीचे आहे, आणि ते तुमच्या समाधानासाठी चुकीचे म्हणतो असे नाही. शिकण्याची प्रक्रिया ज्या रीतीने चालते तिच्याशी ते जुळत नाही. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांचा पहिला भाग सर्वांना ठाऊक असतो: एखाद्या ठरावीक आवाजानंतर अन्न मिळत गेले की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटते. तुमच्या कामाचा भाग त्यानंतरचा आहे. अन्न न देता तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला की लाळ सुटणे हळूहळू बंद होते. मात्र काही काळ मध्ये जाऊ दिला आणि पुन्हा तोच आवाज केला, तर लाळ परत सुटते. म्हणजे जुनी सवय पुसली गेलेली नसते, तिच्यावर दुसरे शिक्षण चढलेले असते. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून हे अधिक नेमके दाखवले. एका परिस्थितीत शमवलेली जुनी प्रतिक्रिया परिस्थिती बदलली की पुन्हा डोके वर काढते, कारण नवे शिक्षण ज्या परिस्थितीत झाले तिला ते बरेचसे बांधलेले असते आणि जुने शिक्षण तितके बांधलेले नसते.

तुमच्या संध्याकाळकडे या नजरेने पाहा. चार महिने तुम्ही थांबण्याचा सराव केलात तो बहुधा घरात, बऱ्यापैकी निवांत वेळी, समोर एकच माणूस असताना. त्या दिवशी कानाला फोन होता, पलीकडे ज्यांच्यासमोर आवाज चढवता येत नाही असे वरिष्ठ होते, अंगात दिवसभराचा थकवा होता आणि शेजारी जिच्यावर आवाज चढवता येतो अशी मुलगी होती. हा प्रसंग तुमच्या सरावात कधी आलेलाच नव्हता. तिथे जुने वर आले यात नवल नाही. तुमच्या निश्चयात खोट होती असा त्याचा अर्थ होत नाही. एवढेच कळते की या एका परिस्थितीचा सराव अजून व्हायचा आहे.

याच नियमाची दुसरी बाजू मात्र दिलासा देणारी आहे. जुने जसे पुसले जात नाही, तसे नवेही पुसले जात नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या त्यांनी स्वतःच पाठ केल्या आणि त्या किती विसरल्या जातात हे मोजले. विसरण्याचा वेग पाहून कोणीही खचून जावे अशी ती आकडेवारी आहे. पण तीच यादी पुन्हा पाठ करायला बसल्यावर पहिल्या वेळेपेक्षा कमी वेळ लागतो, हेही त्यांना आढळले. आठवत काहीच नाही असे वाटत असतानाही आधीच्या मेहनतीचा काही भाग शिल्लक असतो आणि तो दुसऱ्या वेळी उपयोगी पडतो. चार महिने केलेला सराव एका संध्याकाळी शून्यावर येण्याची सोय मेंदूत नाही. वही फाडता येते, सराव फाडता येत नाही.

आणि खरे नुकसान त्या वहीपाशीच झाले आहे. तुमचे ओरडणे फार तर दोन मिनिटांचे असेल. त्यानंतर तीन आठवडे तुम्ही काहीच केलेले नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या मोजल्या पाहिजेत. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मारलॅट यांनी 1980च्या दशकात हा फरक ठळकपणे मांडला: एकदा पाय घसरणे ही एक घटना आहे, आणि पूर्ण जुन्या वाटेला लागणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरी आपोआप घडत नाही. मध्ये एक दुवा असतो, तो म्हणजे घसरल्यावर माणूस स्वतःशी काय बोलतो. ‘आज थकलो होतो, तयारी नव्हती, ताबा सुटला’ असे म्हणणारा उठतो. ‘मी आहेच असा’ म्हणणारा मात्र बसून राहतो, कारण स्वतःचा स्वभावच दोषी ठरवल्यावर प्रयत्न करण्याजोगे काही उरत नाही.

हाच प्रकार खाण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्यांमध्येही आढळला आहे. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांच्या 1975 सालच्या प्रयोगात काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही, आणि नंतर सगळ्यांना चव सांगण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. एरवी न मोजता खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर कमी आइस्क्रीम खाल्ले, जे स्वाभाविक आहे. एरवी बेताने खाणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्ले. नियम मोडलाच आहे, मग आता काय राहिले, हा तो विचार. ‘बुडत्याचा पाय खोलात’ ही म्हण आपण दैवाच्या संदर्भात वापरतो, पण पुष्कळदा तो पाय बुडणाऱ्यानेच खाली रोवलेला असतो. तुमचे ओरडणे हा तो मिल्कशेक, आणि तुमची फाटलेली वही हे तुमचे आइस्क्रीम आहे.

कडक नियम घालून घेणारे लोक या ठिकाणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचा दाखला देतात आणि तो देण्याजोगा आहे. नवी सवय पक्की होईपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, असे त्यांनी 1890 साली लिहिले होते; काळजीपूर्वक गुंडाळत आणलेला दोऱ्याचा गुंडा हातातून सुटावा तशी प्रत्येक चूक असते, असा त्यांचा दृष्टांत होता. जेम्स यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, तरीही इथे मी त्यांच्या बाजूने नाही. फिलिपा लॅली आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांना रोज करायची एक साधी कृती निवडायला सांगून 12 आठवडे त्यांचा मागोवा घेतला. हा अभ्यास 2010 साली छापून आला. ज्यांच्या नोंदींतून स्पष्ट आलेख निघाला त्यांच्यात कृती अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यांक 66 दिवस निघाला, पण व्याप्ती 18 पासून 254 दिवसांपर्यंत होती (254 हा आकडा अर्थातच आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे, कारण अभ्यासच 84 दिवसांचा होता). शिवाय एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेवर म्हणण्याजोगा परिणाम झाला नाही. ‘21 दिवसांत सवय’ हे जे सर्रास सांगितले जाते, त्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या निरीक्षणापर्यंत जाते. रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस तरी लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातला ‘किमान’ वाटेत कुठेतरी गळाला. हेही लक्षात घ्यावे की लॅली यांच्या अभ्यासातल्या कृती रोज ठरावीक वेळी पाणी पिणे किंवा चालायला जाणे इतक्या साध्या होत्या. भडकलेल्या क्षणी गप्प राहणे हे त्याहून कितीतरी अवघड काम आहे. त्याला 66 दिवसांत गुण येईल अशी अपेक्षा तुम्ही ठेवू नये आणि कोणी तसे सांगितले तर ऐकू नये.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत मीही लोकांना कॅलेंडरवर रोज एक बरोबरची खूण करायला सांगत असे, आणि खुणांची साखळी तुटू द्यायची नाही असे बजावत असे. एक तरुण दर आठवड्याला ते कॅलेंडर दाखवायला येई. खुणा इतक्या नीटनेटक्या असत की मी त्याचे दर वेळी कौतुक करी. मग तो यायचा थांबला. बऱ्याच महिन्यांनी भेटला तेव्हा त्याने सांगितले की शेवटच्या दीड महिन्यातल्या निम्म्याहून अधिक खुणा खोट्या होत्या. साखळी तुटल्याचे मला सांगायची त्याला लाज वाटली होती. त्याला खोटे लिहायला माझ्या पद्धतीने भाग पाडले होते. त्यानंतर मी साखळी मोजणे सोडून दिले. आता मी मोडलेले दिवस आधी विचारतो, कारण शिकण्याजोगे बहुतेक सगळे तिथेच असते, आणि ज्याच्या वहीत असा एकही दिवस नसतो त्याच्याबद्दल मला थोडी काळजीच वाटते.

याला जोडूनच एक शंका. चार महिने एकदाही आवाज चढला नाही, हे तुम्ही यश म्हणून सांगता. पण त्या चार महिन्यांत तुमची कसोटी पाहणारे प्रसंग किती आले होते? काही वेळा चांगला काळ हा आपल्या प्रगतीइतकाच परिस्थितीच्या कृपेचाही असतो. कामाचा ताण कमी असतो, झोप पुरेशी होते, घरात कोणी आजारी नसते. त्याचे सगळे श्रेय स्वतःकडे घेतले की पहिल्या खडतर आठवड्यात सगळा दोषही स्वतःकडेच येतो. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण मला या संदर्भात नेहमी अपुरी वाटते. तळ्याला उन्हाळाही असतो, पातळी खाली जाते, आणि तरीही ते तळे आटले असे होत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे. नवी वही आणा, आणि त्यातली पहिली नोंद त्या संध्याकाळचीच असू द्या. ती विशेषणे न वापरता लिहायची. ‘मी नालायक बाप आहे’ हे निरीक्षण नव्हे. ‘सात वाजून गेले होते, दुपारपासून पोटात काही नव्हते, फोन पंधरा मिनिटे चालला होता, तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा जबडा आवळला गेला, मान गरम झाली आणि त्यानंतर मी ओरडलो’ हे निरीक्षण आहे. असे लिहिताना तुम्हाला बहुधा आढळेल की जबडा आवळणे आणि ओरडणे यांच्यात दोन-तीन सेकंदांची फट होती. तुमचा पुढचा सगळा सराव त्या फटीत आहे. मात्र एवढ्या लहान फटीत काय करायचे हे त्या क्षणी ठरवता येत नाही, ते आधी ठरलेले असावे लागते. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी 1999 साली ज्या ‘जर-तर’ स्वरूपाच्या संकल्पांबद्दल लिहिले, त्यांचा उपयोग इथे होतो. ‘मी चिडणार नाही’ हा संकल्प पोकळ आहे, कारण तो केव्हा आणि कसा अमलात आणायचा हे त्यात नाही. ‘घराशी पोचताना कामाचा फोन चालू असेल, तर तो संपेपर्यंत मी बाहेरच थांबेन’ हा संकल्प पेलवणारा आहे. ‘जबडा आवळला गेला, तर मी फोनवरच्या माणसाला एक मिनिट थांबायला सांगेन’ हा दुसरा. दोनच पुरेत. पाच-सहा केले की एकही आठवत नाही.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर, शांत मनःस्थितीत असताना, पुढच्या वेळी ताबा सुटेल तेव्हा काय करायचे हेही आज लिहून ठेवा. ‘पुढच्या वेळी’ हा शब्द तुम्हाला खटकेल. अपयश गृहीत धरल्यासारखे वाटेल. पण आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता दाखवणारी पाटी लावल्याने इमारतीला आग लागत नाही. त्या पानावर एवढेच असावे: चोवीस तासांच्या आत ज्याला दुखावले त्याच्याशी बोलायचे, घटना विशेषणांशिवाय लिहायची आणि दुसऱ्या दिवशी सरावाचे सर्वांत लहान रूप करायचे, मग ते एका ओळीच्या नोंदीपुरते का असेना. यांपैकी पहिली गोष्ट तुम्ही कोणी न सांगता केली होती. उरलेल्या दोन केल्या असत्या तर तीन आठवडे वाया गेले नसते.

स्वतःशी इतके सौम्य वागलो तर मी ढिला पडेन, ही भीती जवळजवळ प्रत्येक जण बोलून दाखवतो. ती समजण्याजोगी आहे, पण पुरावा उलट बाजूला झुकतो. जुलियाना ब्राइनिस आणि सेरेना चेन यांच्या 2012 सालच्या प्रयोगांपैकी एकात अवघड शब्दसंग्रहाच्या चाचणीत कमी गुण मिळालेल्यांपैकी काहींना स्वतःकडे समजुतीने पाहण्यास सुचवले गेले. दुसऱ्या चाचणीपूर्वी त्यांनीच इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. कारण साधे असावे. चूक पाहताच मार बसणार असेल तर माणूस चुकीकडे पाहतच नाही, तो वही फाडतो.

तरीही स्वीकार आणि सवलत यांच्यातली रेषा तुमच्या बाबतीत जरा जाड ओढली पाहिजे, कारण तुमच्या घसरणीची झळ दुसऱ्याला बसते. व्यायाम चुकला तर नुकसान आपले असते. इथे एका मुलीला दार लावून घ्यावेसे वाटले. तुमच्या प्रगतीच्या आलेखात ती संध्याकाळ एक लहानसा खळगा असेल, पण तिच्यासाठी ती तशी नसेल, आणि ‘अगं, मी पूर्वीपेक्षा किती सुधारलो आहे’ हे तिला सांगणे हा तिच्यावर दुसरा अन्याय ठरेल. तुमचा विश्वास स्वतःवर ज्या वेगाने बसेल त्याहून तिचा विश्वास तुमच्यावर सावकाश बसेल. तो तिचा हक्क आहे. माफी मागताना कारणे जोडू नका. ‘मी थकलो होतो’ हे वहीत लिहायचे वाक्य आहे. तिला सांगायचे वाक्य ‘मी ओरडलो ते चुकले, तुझे काही चुकले नव्हते’ एवढेच आहे.

काही परिस्थितींत मात्र वही पुरत नाही. हात उगारला जात असेल, वस्तू फेकल्या जात असतील, घरातली माणसे तुमच्या चाहुलीनेच गप्प होत असतील, रागाच्या मागे मद्य असेल, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहून झोप, भूक आणि कामातला रस गेला असेल, तर पुढची घसरण होण्याची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञ अथवा प्रशिक्षित समुपदेशक यांना प्रत्यक्ष भेटावे. तुमच्या पत्रावरून तसे वाटत नाही, पण पत्रातून सगळे कळतेच असे नाही, म्हणून लिहिले.

‘माणूस मुळात बदलतो का’ याचे उत्तर ‘मुळात’ या शब्दावर अवलंबून आहे. तो जबडा आवळला जाणे कदाचित कधीच पूर्ण थांबणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या, वीस-वीस वर्षे शांत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसांनीही मला सांगितले आहे की ती पहिली ठिणगी अजून पडते, फक्त तिच्यानंतर काय करायचे हे हाताला माहीत झाले आहे. तेव्हा त्या ठिणगीची वाट पाहत बसण्यापेक्षा आज रात्री मुलीला एक प्रश्न विचारा: बाबा फोनवर असताना तुला काही हवे असेल तर आपण काय खूण ठरवायची? ती जे सांगेल, मग ते कितीही पोरकट असो, तेच ठरवा आणि नव्या वहीत त्या संध्याकाळच्या नोंदीखाली लिहून ठेवा.